अर्ध्यावर सुटलेले शिक्षण

आळंद तालुक्यातील आमच्या खजुरीसारख्या सीमेवरच्या गावातून एखादा मुलगा नामांकित विद्यापीठात गेला की साऱ्या गावाला आनंद होतो. तोच शिक्षण अर्धवट टाकून परतला, की 'झेपले नाही' एवढे म्हणून आपण त्याचा निकाल लावतो. हा निकाल न्याय्य आहे काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्ध्यावर सोडून परतावे लागले. बुद्धी कमी पडली नव्हती. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. मात्र चार वर्षांच्या आत परतण्याची परवानगी विद्यापीठाने दिली होती. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला. शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्‌सी. झाले.

आजही पैशाची ओढाताण, इंग्रजी माध्यमाची धास्ती आणि एकटेपणा यांपायीच कितीतरी मुले मागे पडतात. रुडकीच्या आयआयटीने २०१५ मध्ये पहिल्या वर्षी गुण कमी पडले म्हणून सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांना काढले. पुढे त्यांना पुन्हा संधी दिली.

म्हणून परतलेल्या मुलाला 'का सोडलेस?' असे विचारण्याआधी 'परत जायला काय लागेल?' असे आपण विचारावे, एवढीच आमची विनंती.