मॅचच्या खोलीतली हिरवी भिंत

डहाणूला 500 मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याची चिमणी येता-जाता दिसते, त्यामुळे एक समज घट्ट बसलाय: वीज आपल्या दाराशीच तयार होते, मग टीव्हीला कसली भीती? पण 1990 च्या दशकात हे केंद्र उभं राहिलं तेच मुंबईच्या उपनगरांसाठी. डहाणू-तलासरीच्या घरांत येते ती महावितरणची वीज. तिच्या तारा चिकूच्या वाड्यांमधून आणि जंगलपट्टीतून येतात आणि पावसाळ्यात एखादी फांदी कोसळली की सामना तिथेच संपतो. म्हणून घरात मॅच बघायची खोली करायची असेल, तर सुरुवात टीव्हीच्या दुकानात नको, मीटरच्या पेटीपाशी करा.

‘स्टॅबिलायझर लावला की टीव्ही सुरक्षित’ हेही असंच. आजचे बरेच एलईडी टीव्ही 100 ते 240 व्होल्टपर्यंत निमूट चालतात. मागच्या लेबलवर ते छापलेलं असतं. कमी दाबाने ते सहसा जळत नाहीत. खरा धोका असतो तो गेलेली वीज परत येताना बसणाऱ्या झटक्याचा आणि पडणाऱ्या विजेचा. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर लागतो आणि जादा दाब जमिनीत सोडायला त्याला अर्थिंगची तार लागते. जुन्या घरांत बोर्डाला तिसरं भोक असतं, मागे तार मात्र नसते. अशा बोर्डाला जोडलेला महागडा प्रोटेक्टरही पूर्ण संरक्षण देऊ शकत नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. आणि गडगडाट सुरू झाला की प्लगसोबत छपरावरच्या छत्रीची केबलही काढा. लोक प्लग काढतात, केबल तशीच राहते.

आता दिव्यांकडे येऊ. ‘थिएटरसारखा मिट्ट काळोख केला की चित्र उत्तम’ असं अनेकांना वाटतं. सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो, वनडे दिवसभर चालते. काळोखात उजळ पडद्याकडे तासन् तास पाहिलं की डोळे थकतात. टीव्हीच्या मागे भिंतीवर मंद उजेड पडेल अशी एलईडीची पट्टी लावली तर डोळ्यांना आराम मिळतो आणि पडद्यावरचा काळा रंगही जास्त गडद वाटतो. हा उजेड 6500 केल्विनच्या आसपासचा पांढरा असावा. पिवळा किंवा जांभळा घेतला तर पडद्यावरचे रंगही डोळ्यांना बदललेले भासतात.

दुकानात सगळ्यात जास्त भुरळ घालतात ते चित्राबरोबर रंग बदलणारे दिवे. सिक्सर पडला की खोली उजळेल, अशी कल्पना. प्रत्यक्षात हे दिवे पडद्याच्या कडांचा रंग उचलतात आणि क्रिकेटमध्ये कडांना काय असतं? गवत. म्हणजे पन्नास षटकं भिंत हिरवी! कबड्डीत निदान मॅटचे रंग तरी दिसतील. शिवाय यातल्या ज्या प्रकारात एचडीएमआयचा वेगळा डबा लागतो, त्याला फक्त त्या वायरीतून येणारं चित्र कळतं. सेट टॉप बॉक्स त्यातून जोडला तर ठीक. टीव्हीतल्याच ॲपवर मॅच लावली तर दिवे ढिम्म. माझं मत विचाराल तर हे पैसे वाचवा.

स्मार्ट बल्बबद्दलही दुकानदार सगळंच सांगतो असं नाही. भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्ब फोनला ओळख देत नाही. बटण कायम चालू ठेवावं लागतं. बहुतेक बल्ब 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायलाच जोडले जातात, 5 च्या नाही. आणि आपल्या भागात महत्त्वाचं म्हणजे, वीज जाऊन आली की बरेच बल्ब आपोआप पूर्ण उजेडात पेटतात, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. वीज आल्यावर आधीच्याच स्थितीत राहण्याची सेटिंग ॲपमध्ये आहे का, हे घेण्याआधी पाहा. होल्डर पिनचा की आट्यांचा, तेही पाहा.

पडद्याबाबत आकड्यांचा बाजार आहे. ‘क्रिकेटला 144 हर्ट्झ हवेच’ हे खरं नाही. आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण सेकंदाला 50 चित्रांच्या पद्धतीचं आहे. त्यापुढचा वेग गेम खेळणाऱ्यांच्या कामाचा. चेंडूला शेपूट फुटल्यासारखं दिसत असेल, तर टीव्हीची चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग कमी करून बघा. 8के तर विसराच, त्या दर्जाचा सामना दाखवणार कोण? ‘मोठा पडदा जवळून बघितला की डोळे बिघडतात’ हाही जुन्या डब्बा टीव्हीच्या काळातला समज. 4के चित्र असेल तर 55 इंची टीव्ही सात फुटांवरून आरामात बघता येतो. मात्र साध्या, एचडी नसलेल्या चॅनेलवर मोठा पडदा चित्राची धूसरताच मोठी करतो. घरात दहा माणसं जमत असतील, तर काहींना बाजूनेच बघावं लागतं, म्हणून दुकानात एका कोपऱ्यात उभं राहून रंग फिके पडतात का ते बघा. महागड्या ओएलईडीवर तासन् तास एकाच जागी राहणाऱ्या धावफलकाच्या पट्टीचा डाग उमटू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

प्रोजेक्टर स्वस्तात मोठं चित्र देतो, पण आयपीएलची दुपारची मॅच साडेतीनला सुरू होते. बोर्डी-नरपडला खिडकी पश्चिमेला असेल तर तेव्हा ऊन सरळ आत येतं. प्रोजेक्टरचा काळा रंग म्हणजे पडद्यावर उजेड नसणं, इतकंच. खोलीत ऊन असेल तर काळं काही उरतच नाही. टीव्हीसुद्धा खिडकीच्या समोर नको, खिडकीला काटकोनातल्या भिंतीवर लावा.

‘टीव्ही भिंतीला टांगला की बिनधास्त’ हा समज मात्र आपल्याकडे महागात पडू शकतो. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी, दापचरी, तलासरी या पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसू लागले. 2019 मध्ये 4 रिश्टरहून मोठेही झाले. विटांची पक्की भिंत आणि योग्य लांबीचे अँकर बोल्ट असतील तर टांगणं स्टँडपेक्षा बरं. कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीला टीव्ही टांगूच नये. तिथे रुंद, बुटकं टेबल घ्या आणि मागून पट्ट्याने टीव्ही लाकडी खांबाला बांधा. टीव्हीखाली मुलांची झोपायची जागा करू नका. टीव्ही बसवायला येणाऱ्या माणसाला भिंत कशाची आहे ते आधीच सांगा, म्हणजे तो त्याप्रमाणे बोल्ट घेऊन येईल.