सुट्या धान्याचे वाहन
अमेरिकेतील आयोवा, नेब्रास्का, इलिनॉय या मक्याच्या राज्यांत सुगीच्या दिवसांत धान्यकोठारांच्या दारी ज्या मालमोटारी रांग लावून उभ्या असतात, त्यांच्यामागे जोडलेल्या ट्रेलरांकडे पाहताना नवख्या माणसाची दृष्टी प्रथम त्यांच्या लांबीवर आणि चकाकत्या पत्र्यावर खिळते. परंतु असे वाहन ज्याला स्वतःचे पैसे मोजून घ्यावयाचे आहे, त्याने आपली दृष्टी वाहनाच्या तळाकडे आणि त्या तळाखाली जी जमीन येणार आहे तिच्याकडे वळवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. माल भरण्याची रीत बहुतेक सर्वत्र एकच, म्हणजे वरून ओतण्याची. ट्रेलर-ट्रेलरांतील खरा भेद दिसतो तो माल रिता करताना.

अमेरिकेतील बफेलो बंदरात जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने १८४२ च्या सुमारास वाफेच्या बळावर धान्य उचलून घेणारे कोठार उभारले आणि त्या देशातील धान्य हळूहळू पोत्याच्या बंधनातून सुटले. आजच्या कोठारापाशी जमिनीत लोखंडी जाळीने झाकलेला खड्डा असतो. चालक गाडी त्या जाळीवर आणतो, ट्रेलरच्या पोटाखालची झडप हाताने दांडा फिरवून उघडतो, आणि धान्य स्वतःच्याच भाराने खड्ड्यात उतरते, तेथून यंत्र ते वर कोठीत चढवते. या व्यवस्थेसाठीच नरसाळ्याच्या तळाचा ट्रेलर, ज्याला तिकडे ‘हॉपर’ म्हणतात, तो घडला आहे. कोरडा मका किंवा गहू ढिगात सुमारे २५ अंशांच्या उतारावर स्थिरावतो. म्हणून नरसाळ्याच्या भिंती त्याहून बऱ्याच उभ्या ठेवतात, म्हणजे कोपऱ्यात दाणा राहत नाही आणि फावडे घेऊन कोणास आत उतरावे लागत नाही. आपल्याकडे बाजार समितीच्या आवारात सोयाबीन आणि तूर अद्याप मुख्यत्वे पोत्यांतून येते, आणि जेथे असा खड्डाच नाही तेथे हॉपर कितीही उत्तम असला तरी तो दारात उभाच राहील.

भाराचा हिशेब त्यानंतर येतो, आणि तो अत्यंत काटेकोर आहे. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर वाहन, माल आणि इंधन मिळून एकंदर ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ मेट्रिक टन, ही सर्वसाधारण मर्यादा. एका आसावर २०,००० पौंड आणि जवळजवळ असलेल्या आसांच्या जोडीवर ३४,००० पौंड. मक्याचा बुशेल ५६ पौंडांचा धरतात, गव्हाचा व सोयाबीनचा ६० पौंडांचा, ओटचा मात्र ३२ पौंडांचाच. सबब गहू नेताना वजनाची मर्यादा आधी येते आणि हौद वरून रिकामा राहतो, तर ओट नेताना हौद काठोकाठ भरला तरी वजन शिल्लक उरते. ॲल्युमिनियमचा ट्रेलर पोलादी ट्रेलरहून १,००० पौंडांनी हलका निघाला, तर प्रत्येक खेपेस सुमारे १८ बुशेल मका अधिक नेता येतो, आणि वर्षानुवर्षे तीच वाट धरणाऱ्या मालकाला महाग धातूची किंमत त्यातूनच फिटते. मागचे दोन आस सुमारे दहा फुटांच्या अंतरावर ठेवले, तर कायदा त्यांना स्वतंत्र धरतो आणि दोहोंवर मिळून ४०,००० पौंड चालतात. एकूण मर्यादा त्यामुळे वाढत नाही, परंतु शेतात अंदाजाने भरलेला माल थोडा मागे झुकला तरी वजनकाट्यावर दंड होत नाही. त्याची किंमत टायर देतात: तीव्र वळणावर असे दूरस्थ आस जमिनीवर फरफटतात.

मात्र ज्याला सुगीत धान्य आणि उरलेल्या वर्षात वाळू, खडी किंवा खत न्यावयाचे आहे, त्याचे हॉपरने भागत नाही; खडी त्या झडपेतून नीट उतरत नाही. त्याच्यासाठी हौद पुढून उचलून मागून उलटणारा ट्रेलर आहे, ज्याला खड्डा लागत नाही, सपाट घट्ट जमीन पुरते. येथे मी वाचकास कळकळीने सावध करू इच्छितो, कारण हे शब्द जीवावर बेतणाऱ्या गोष्टीविषयी आहेत. उचललेला हौद उभा असताना संपूर्ण भार उंचावर गेलेला असतो. एका बाजूस जमीन किंचित दबली, एका टायरात हवा कमी असली, किंवा ओला माल वरच्या एका कोपऱ्यास चिकटून राहिला आणि बाकीचा घसरला, तर सबंध वाहन आडवे होते. वरून गेलेली विजेची तार हा दुसरा धोका.

तिसरा प्रकार तळाशी पट्टा असलेला, जो हौद न उचलता माल मागे सरकवीत बाहेर काढतो. तो वजनाला जड, किमतीला अधिक, आणि त्याच्या यंत्रणेस वेळोवेळी देखभाल लागते. तथापि आयोवातील इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मक्याचा चोथा, जो गुरांच्या खाद्यासाठी जातो, तो नरसाळ्याच्या तोंडावर कमान धरून अडून बसतो, आणि चारा, बटाटे यांसही झडपेचा मार्ग मानवत नाही. अशा मालाचीच नित्य वाहतूक असेल, तर पट्ट्याचा ट्रेलर महाग असूनही योग्य ठरतो, आणि कमी जागेत वा वरून तारा असलेल्या आवारात तो उलटणाऱ्या ट्रेलरहून निर्धोक असतो.

एकाच ट्रेलरातून अनेक माल नेणाऱ्याने स्वच्छतेचाही विचार खरेदीपूर्वीच करावा. खताचे क्षार ॲल्युमिनियम खातात. औषध लावलेल्या बियाण्याचे थोडेसे दाणेही खाण्याच्या धान्यात मिसळले, तर कोठार तो माल नाकारू शकते. आणि गुरांच्या मेंदूरोगाच्या भयाने १९९७ साली अमेरिकेने रवंथ करणाऱ्या जनावरांच्या खाद्यात सस्तन प्राण्यांच्या प्रथिनांवर बहुतांश बंदी घातल्यापासून, मांस-हाडांचा चुरा वाहिलेल्या गाडीत गुरांचे खाद्य भरण्याआधी ती नीट धुतली आहे याची खातरजमा करावी लागते. म्हणून विकत घेताना आतील जोडांच्या फटी, झडपेच्या खाचा आणि वरची गुंडाळती ताडपत्री ही हाताने चाचपून पाहावीत. जेथे बोट पोचत नाही, तेथे मागच्या खेपेचा दाणा राहतो.