जीवभौतिकी संशोधन विभाग, किंग्ज कॉलेज

जीवभौतिकीच्या प्रारंभीच्या संघटित प्रयोगशाळांपैकी एक. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अर्थसाहाय्याने १९४७ मध्ये लंडन येथील किंग्ज कॉलेजात तिची स्थापना झाली. कोशिकेतील (पेशीतील) रचना व घडामोडी भौतिकीच्या साधनांनी उलगडणे, हे तिचे उद्दिष्ट होते.

संस्थापक जॉन टर्टन रँडल (१९०५–८४) यांनी १९४० मध्ये बर्मिंगहॅम येथे हॅरी बूट यांच्यासह कोटर-मॅग्नेट्रॉन तयार केला होता. सूक्ष्मतरंगांवर चालणाऱ्या प्रभावी रडारचा पाया त्यामुळे घातला गेला. उपसंचालक मॉरिस विल्किन्स (१९१६–२००४) यांनी युद्धकाळात अणुबाँब प्रकल्पात काम केले होते. या विभागात भौतिकीविज्ञ, रसायनशास्त्रज्ञ व जीववैज्ञानिक एकत्र काम करीत. बाँबमुळे कॉलेजच्या आवारात पडलेल्या खड्ड्यात त्यांच्यासाठी भूमिगत प्रयोगशाळा बांधण्यात आली. ती १९५२ मध्ये सुरू झाली.

स्विस रसायनशास्त्रज्ञ रूडॉल्फ सिग्नर यांनी दिलेल्या उत्कृष्ट डीएनएच्या तंतूंची क्ष-किरण विवर्तन छायाचित्रे विल्किन्स व रेमंड गॉस्लिंग यांनी १९५० मध्ये घेतली. जानेवारी १९५१ मध्ये रोझलिंड फ्रँक्लिन (१९२०–५८) विभागात आल्या. हे काम त्यांच्याकडे सोपविल्याचे रँडल यांनी त्यांना पत्राने कळविले होते. विल्किन्स यांना मात्र त्याची स्पष्ट कल्पना दिलेली नव्हती. त्यातून उभयतांत कायमचा दुरावा निर्माण झाला.

आर्द्रतेनुसार डीएनए दोन रूपे धारण करते, असे फ्रँक्लिन व गॉस्लिंग यांनी दाखविले : सुमारे ७५% सापेक्ष आर्द्रतेस स्फटिकी ‘अ’ रूप व ९०% हून अधिक आर्द्रतेस ‘ब’ रूप. फॉस्फेट गट रेणूच्या बाहेरील बाजूस असतात, असेही फ्रँक्लिन यांनी अनुमान काढले. ‘ब’ रूपाच्या मे १९५२ मधील ५१ क्रमांकाच्या छायाचित्रातील फुलीसारखी आकृती मळसूत्राकार रचनेची निदर्शक होती. हे छायाचित्र विल्किन्स यांनी जानेवारी १९५३ मध्ये फ्रँक्लिन यांना न कळविता केंब्रिजच्या जेम्स वॉटसन यांना दाखविले. विभागाच्या अंतर्गत अहवालातील मोजमापेही वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांच्या हाती आली. त्यांची दुहेरी मळसूत्राची प्रतिकृती आणि किंग्ज कॉलेजचे दोन निबंध नेचर नियतकालिकाच्या २५ एप्रिल १९५३ च्या अंकात एकत्र प्रसिद्ध झाले. तथापि आपल्या निष्कर्षांचा त्या प्रतिकृतीस किती आधार मिळाला, याची फ्रँक्लिन यांना पुरती जाणीव नव्हती. वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांना १९६२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. फ्रँक्लिन यांचे त्यापूर्वीच निधन झाले होते.

विभागाचे कार्य डीएनएपुरते मर्यादित नव्हते. स्नायूच्या आकुंचनात तंतू आखूड न होता एकमेकांवरून सरकतात, हा सिद्धांत येथील जीन हॅन्सन यांनी ह्यू हक्सली यांच्यासह १९५४ मध्ये मांडला. रँडल यांनी १९७० मध्ये किंग्ज कॉलेज सोडले. पुढे तेथील संशोधन केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले. भिन्न शास्त्रांच्या सहकार्याने काय साधते आणि श्रेयाच्या वाटणीत काय निसटते, या दोहोंचे उदाहरण म्हणून विज्ञानाच्या इतिहासात या प्रयोगशाळेस स्थान आहे.