शाफ्टचालित जुन्या मोटारसायकलीतील शक्तिसंक्रमणाचा आवाज : कारणे व निदानपद्धती

सारांश : साखळीऐवजी शाफ्टद्वारे मागील चाकाकडे शक्ती पोहोचवणाऱ्या जुन्या मोटारसायकलींत निर्माण होणाऱ्या आवाजाचे निदान बहुधा तो ‘कोठून ऐकू येतो’ यावरून केले जाते. ही पद्धत फसवी आहे. आवाज ‘कशाबरोबर बदलतो’ व ‘चाकाच्या एका फेऱ्यात किती वेळा होतो’ या दोन प्रश्नांच्या आधारे यंत्रणा न उघडताही दोषाचे स्थान बऱ्याच अंशी निश्चित करता येते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. ग्रामीण वाचकाच्या परिचयाचे उदाहरण म्हणून ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट, क्राउन-पिनियन, बेअरिंग, आवाज, निदान.

प्रस्तावना

परभणी तालुक्यातील पिंगळी हे परभणी-पूर्णा लोहमार्गावरील स्थानक असलेले गाव. येथील रस्त्यांवर धावणाऱ्या दुचाकी जवळजवळ सर्वच साखळीच्या आहेत. साखळी सैल झाली की ती कव्हरला घासते, दाते झिजले की झटके बसतात आणि गावातील कोणताही मेकॅनिक हा दोष पाहताक्षणी ओळखतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. शाफ्टच्या मोटारसायकलीत मात्र सर्व फिरते भाग धातूच्या नळीत आणि तेलात बंद असतात. तेथे डोळ्यांचा उपयोग थोडा. परीक्षेची मुख्य भिस्त कानावर असते.

मोटारसायकलीला शाफ्ट बसवण्याची कल्पना जुनी आहे. बेल्जियमच्या एफएन कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तिचा वापर केला. १९२३ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर-३२ या गाडीने तिला स्थिर रूप दिले. पुढे मोटो गुझी, १९७५ ची होंडा गोल्डविंग व १९७८ ची होंडा सीएक्स-५०० यांनीही हाच मार्ग स्वीकारला. अशा गाड्या महाराष्ट्रात संख्येने थोड्या असल्या, तरी हौशी मालक त्या जतन करून चालवतात. त्यांचे सुटे भाग बहुधा मोठ्या शहरांतून किंवा परदेशातून मागवावे लागतात. अशा स्थितीत चुकीचे निदान म्हणजे केवळ पैशाचा अपव्यय नव्हे. गाडी कायमची उभी राहण्याचीही ती सुरुवात ठरू शकते.

यापेक्षाही गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. चालत्या गाडीचे इंजिन अचानक जाम झाले, तर क्लच दाबून मागचे चाक मोकळे करता येते. परंतु बेअरिंग फुटून मागील गिअरपेटी जाम झाली, तर क्लच दाबूनही चाक सुटत नाही. कारण अडथळा क्लचच्या पुढे, थेट चाकापाशी असतो. म्हणून मागील भागातून येणाऱ्या आवाजाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

यंत्रणेची रचना

इंजिनाची शक्ती क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या टोकाला युनिव्हर्सल जॉइंट असतो. याच्या मधल्या अधिक चिन्हासारख्या भागावरून मेकॅनिक त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. त्यापुढे स्विंगआर्मच्या नळीतून जाणारा शाफ्ट, शाफ्टच्या टोकाला दातेरी खाचांची जोडणी म्हणजे स्प्लाइन, नंतर लहान पिनियन व मोठा क्राउन, आणि शेवटी चाक अशी ही साखळीविना साखळी आहे. झटके शोषण्यासाठी काही गाड्यांत चाकाच्या हबमध्ये रबर, तर काहींत शाफ्टवर किंवा गिअरबॉक्समध्ये स्प्रिंग बसवलेली असते.

स्विंगआर्मची नळी पोकळ असल्याने ती आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहून नेते. गिअरबॉक्समधील खराब बेअरिंगचा आवाज चाकापाशी, तर चाकापाशी होणारी घरघर थेट आसनाखाली ऐकू येऊ शकते. म्हणूनच कान लावून जागा ठरवण्याआधी आवाजाचे वर्तन तपासणे आवश्यक ठरते.

पीटीओ शाफ्टचे उदाहरण

क्रॉसचे वर्तन समजण्यासाठी शेतकऱ्याला दूर जाण्याची गरज नाही. काळ्या जमिनीत रोटाव्हेटर चालवताना धुऱ्यावर ट्रॅक्टर वळवण्यासाठी अवजार उचलले की पीटीओ शाफ्टची खडखड वाढते आणि अवजार पुन्हा खाली टेकताच ती कमी होते. या वेळी शाफ्टमध्ये नवीन बिघाड झालेला नसतो. वाढलेला असतो तो फक्त कोन.

एका क्रॉसमधून फिरकी कोनात वळवली की पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा किंचित वेगवान व दोनदा किंचित मंद होतो. कोन १० अंशांचा असेल, तर हा चढउतार सुमारे दीड टक्का इतकाच असतो. कोन ३० अंशांवर गेला की पुढच्या शाफ्टचा वेग मागच्याच्या ०.८७ पट ते १.१५ पट या मर्यादेत हेलकावतो. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे फिरत असेल, तर सेकंदाला १८ धक्के बसतात. तीच खडखड कानावर येते.

मोटारसायकलीच्या बाबतीत यातून एक महत्त्वाचा बोध मिळतो. गाडी मधल्या स्टँडवर उभी केली की मागचे चाक अधांतरी होते, स्विंगआर्म पूर्ण खाली लोंबतो आणि क्रॉसचा कोन रस्त्यावरील स्थितीपेक्षा वाढतो. या अवस्थेत गिअर टाकून चाक फिरवल्यास निर्दोष गाडीही खडखडते. हा आवाज ऐकून क्रॉस बदलणे म्हणजे उचललेल्या रोटाव्हेटरचा आवाज ऐकून पीटीओ शाफ्ट बदलणे होय. शिवाय इंजिनाच्या जोरावर अधांतरी फिरणाऱ्या चाकाजवळ हात नेणे धोक्याचे आहे. आवाजाची खरी परीक्षा चाक जमिनीवर असतानाच करावी.

पहिली कसोटी : आवाज कशाबरोबर बदलतो?

अ) गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये व इंजिन चालू असताना आवाज येत असेल, तर शाफ्ट व मागील गिअरपेटी यांचा संबंध नाही. आता क्लच हळूहळू दाबावा. दाबल्यावर आवाज थांबला, तर गिअरबॉक्सच्या आत जाणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लच सोडवणारे बेअरिंग तपासावे. क्लचचा काहीच परिणाम झाला नाही, तर दोष टॅपेट, टायमिंग चेन आदी इंजिनाच्या भागांत शोधावा.

आ) मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर हाच वेग प्रथम तिसऱ्या व नंतर चौथ्या गिअरमध्ये राखावा. दोन्ही वेळा शाफ्ट तेवढाच फिरतो, इंजिनाचे फेरे मात्र बदलतात. आवाजाची पट्टी बदलली नाही, तर दोष गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टपासून चाकापर्यंत कोठेतरी आहे. बदलली, तर तो इंजिन, क्लच अथवा गिअरबॉक्समध्ये आहे.

इ) त्याच वेगात थ्रॉटल किंचित वाढवावा आणि मग सोडावा. दात्यांच्या दोन बाजू असतात : ओढताना एक बाजू दाबली जाते, गाडी स्वतःच्या वेगाने जात असताना दुसरी. केवळ ओढताना किंवा केवळ थ्रॉटल सोडल्यावर येणारी शिटीसारखी तान क्राउन-पिनियनच्या झिजेकडे अथवा त्यांच्यातील अंतर बिघडल्याकडे बोट दाखवते. थ्रॉटल बदलण्याच्या क्षणी एकदाच होणारा ‘टक्’ हा स्प्लाइन, क्रॉस किंवा झटके शोषणाऱ्या भागातील ढिलाईचा असतो. सतत राहणारी, भाराने फारशी न बदलणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते.

ई) बेअरिंगचा निष्कर्ष काढण्यापूर्वी टायर व ब्रेक वगळावेत. विषम झिजलेला टायरही वेगाबरोबर चढणारा घुमारा देतो. परंतु डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच तो घुमारा बदलतो. बेअरिंगची घरघर रस्ता पाहून बदलत नाही. ब्रेक अलगद लावताच घासण्याचा आवाज बदलला किंवा थांबला, तर प्रथम ब्रेकच उघडून पाहावा.

दुसरी कसोटी : एका फेऱ्यात किती वेळा?

ठराविक अंतराने होणाऱ्या ‘टक्-टक्’ आवाजासाठी मोजणी ही सर्वांत स्वस्त व विश्वसनीय पद्धत आहे. बीएमडब्ल्यूच्या १००० सीसीच्या काही जुन्या गाड्यांत क्राउनला ३३ व पिनियनला ११ दाते असत. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे नेमके ३ फेरे होतात. इंजिन बंद करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, टायरवर खडूने खूण करावी आणि सपाट जागेवर गाडी ढकलत न्यावी. एकाने ढकलावे व दुसऱ्याने खूण पाहत मोजावे. चाकाच्या फेऱ्यात एकदा आवाज झाला, तर दोष चाक, ब्रेक किंवा क्राउनमध्ये; तीनदा झाला, तर पिनियन, शाफ्ट अथवा गिअरबॉक्सच्या बाहेरच्या टोकाशी; आणि सहादा झाला, तर क्रॉसवर संशय दृढ होतो. या हिशेबात न बसणारी, अपूर्णांकात येणारी पुनरावृत्ती बहुतेक वेळा बेअरिंगमधील गोळ्या वा रोलरची असते. इतर गाड्यांत दात्यांची संख्या वेगळी असल्याने तिच्या पुस्तिकेतील गुणोत्तर घ्यावे.

हाच हिशेब वेगातही लागू पडतो. चाकाचा परीघ सुमारे २ मीटर धरल्यास ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला ८.३ व शाफ्ट २५ फेरे फिरतो. क्रॉसचे स्पंदन सेकंदाला ५० वेळा, तर दात्यांची भेट २७५ वेळा होते. पहिला आवाज थरथरीसारखा व खर्जातील, दुसरा स्पष्ट स्वरासारखा ऐकू येतो. मोबाइलवरील ध्वनीची कंप्रता दाखवणाऱ्या ॲपने हा फरक आकड्यांतही पाहता येतो. मात्र ध्वनिमुद्रणासाठी मोबाइल गाडीला पक्का बांधावा. चालवताना हातात धरू नये.

तिसरी कसोटी : स्पर्श व तेल

यानंतरच गाडी स्टँडवर घ्यावी व इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवावे. हाताला वाळू रगडल्यासारखी खरखर जाणवली, तर बेअरिंग खराब आहे. चाक वर व खाली धरून आळीपाळीने ढकलावे. चाक हलते पण मागील गिअरपेटी स्थिर राहते, तर दोष चाकाच्या किंवा क्राउनच्या बेअरिंगचा. दोन्ही एकत्र हलत असतील, तर स्विंगआर्मच्या मुळाशी असलेल्या बेअरिंगचा.

सर्वांत शेवटचा व निर्णायक पुरावा तेल देते. गाडी थोडी चालवून तेल कोमट असताना ते स्वच्छ भांड्यात काढावे. चुंबकी बोल्टवर करड्या रंगाचा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचणाऱ्या कपच्या किंवा चमकणारे पापुद्रे मिळाले, तर बेअरिंग वा दात्यांचा पृष्ठभाग सुटू लागला आहे, असे समजून गाडी चालवणे त्वरित थांबवावे. तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून आणि काळ्या चिखलातून जाणाऱ्या गाडीत शाफ्टवरील फाटलेल्या रबरी बुटातून किंवा हवा जाण्याच्या छिद्रातून हे सहज घडते.

या टप्प्यावर अधिक जाड तेल किंवा ग्रीस भरून आवाज दाबण्याचा मोह आवरला पाहिजे. त्यामुळे आवाज काही काळ कमी होतो, झीज कमी होत नाही; उलट धोक्याची सूचना तेवढी बंद होते.

दुरुस्तीचा क्रम

निदान झाल्यावर स्वस्त व सोप्या भागापासून सुरुवात करावी : टायर, ब्रेक, तेल, स्प्लाइनचे वंगण, बेअरिंग आणि अखेरीस क्राउन-पिनियन. क्राउन व पिनियन एकमेकांशी जुळवलेली जोडी असते. त्यांपैकी एकच बदलल्यास नवा आवाज जन्माला येतो. बेअरिंग बदलतानाही दोघांतील अंतर पातळ चकत्यांनी पुन्हा जुळवावे लागते. येथे अनुभवी हात व मापयंत्र दोन्ही हवेत. वेळेवर बदललेले एक बेअरिंग ही दुर्मिळ जोडी वाचवते. उशीर झाला, तर त्याच बेअरिंगचे तुकडे जोडीच्या दात्यांत जातात.

निष्कर्ष

शाफ्टचालित गाडीतील आवाज हा रोग नसून लक्षण आहे. तो इंजिनाच्या फेऱ्यांशी, रस्त्यावरील वेगाशी की भाराशी बांधलेला आहे, हे आधी ठरवावे. चाकाच्या फेऱ्यात तो किती वेळा होतो, हे नंतर मोजावे. आणि हाताची व तेलाची साक्ष घेऊनच पाना उचलावा. या क्रमासाठी महागडी साधने लागत नाहीत. खडूची एक खूण, मोकळा रस्ता आणि मोजणारा एक सोबती एवढे पुरेसे आहे. रोटाव्हेटर उचलताच पीटीओ का खडखडतो हे ज्याला उमगले, त्याला शाफ्टच्या मोटारसायकलीचे निम्मे निदान आधीच अवगत असते. उरलेले निम्मे धीराने मोजण्याचे आहे.