मोठ्या भाषेच्या सावलीतील ओळख

रायपूरला लागून असलेले बीरगांव हे उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांच्या कामगारांचे नगर. छत्तीसगढी बोलणारा स्थानिक आणि बिहार-उत्तर प्रदेशातून पोट भरण्यासाठी आलेला भोजपुरी भाषक येथे शेजारी-शेजारी राहतात. सरकारदफ्तरी मात्र दोघेही हिंदी भाषकच! २०११ च्या जनगणनेत मातृभाषा छत्तीसगढी सांगणारे सुमारे १ कोटी ६२ लाख लोक हिंदीच्याच खात्यात जमा झाले. मोठ्या भाषेच्या सावलीत राहणाऱ्या समाजाची ओळख कोणी ठरवायची? युरोपात याच प्रश्नाला युद्धाचे रूप आले.

युक्रेनियन ही स्वतंत्र भाषाच नव्हे, असे झारशाही मानत होती. १८६३ च्या वालुयेव परिपत्रकाने त्या भाषेतील धार्मिक व शैक्षणिक पुस्तके रोखली. १८७६ च्या एम्स आदेशाने बंदीचा फास आणखी आवळला. जुलै २०२१ मध्ये व्लादिमीर पुतिन यांनी प्रदीर्घ लेख लिहून रशियन व युक्रेनियन हे एकच लोक असल्याचे प्रतिपादन केले. क्रिमिया २०१४ मध्येच गिळंकृत झाला होता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने सर्वंकष आक्रमण केले.

या दाव्याला युक्रेनच्या जनतेने १९९१ सालीच उत्तर दिले होते. त्या वर्षीच्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. रशियन भाषकांची दाट वस्ती असलेल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्येही हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होते. वोलोदिमिर झेलेन्स्की स्वतः रशियन भाषक घरात वाढले. भाषा एक म्हणजे राष्ट्र एक, हे समीकरण तेथे साफ कोसळले. युक्रेनच्या २०१९ च्या भाषा कायद्यावर अल्पसंख्याकांच्या हक्कांवरून व्हेनिस आयोगाने आक्षेप घेतले, हेही खरे. परंतु कायद्यातील दोष आणि आक्रमण एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

छत्तीसगढचा प्रश्न राष्ट्राचा नाही, तो राज्यघटनेच्या चौकटीतील आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य झाले, २००७ मध्ये छत्तीसगढीला हिंदीसोबत राजभाषेचा दर्जा मिळाला. आठव्या अनुसूचीत मात्र तिला स्थान नाही आणि कारभाराची भाषा प्रामुख्याने हिंदीच राहिली. या अपुरेपणातून ‘छत्तीसगढिया’ विरुद्ध ‘परदेसिया’ असा सूर अधूनमधून उमटतो. बीरगांवसारख्या संमिश्र वस्तीला तो परवडणारा नाही.

त्यावरचा उतारा याच मातीत आहे. स्वतंत्र छत्तीसगढचे स्वप्न पाहणारे डॉ. खूबचंद बघेल यांनी १९६७ मध्ये छत्तीसगढ भ्रातृसंघ स्थापन केला. या प्रदेशाच्या हितात जो आपले हित पाहतो, तो छत्तीसगढिया, अशी त्यांची व्याख्या. तीत कुळाची अट नाही. १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे मराठी भाषक माधवराव सप्रे या कसोटीला पुरेपूर उतरतात.

मराठी माणसाला हा धडा नवा नाही. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, या वादात गोवा होरपळला. १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली आणि त्यामुळे मराठीचे काहीही उणे झाले नाही. म्हणूनच रायपुरात नेमणुकीवर आलेल्या अधिकाऱ्याने फिर्यादीचे म्हणणे छत्तीसगढीत ऐकून घ्यावे आणि स्थायिक मराठी कुटुंबांनी ती भाषा शिकावी. तेवढ्याने मराठीपण सुटत नाही. ‘परदेसिया’ हा शिक्का मात्र पुसला जाऊ शकतो.