सरकवलेला जबडा जागेवर कसा राहतो?

कानाच्या किंचित पुढे बोटे टेकवा आणि तोंड उघडून मिटा. बोटांखाली हलते ते खालच्या जबड्याचे टोक. आता दात घट्ट आवळा. गालात मागच्या बाजूला टणक गोळा लागतो ना? तो चर्वणाचा स्नायू. आजची गोष्ट या हाडाची आणि त्याला ओढणाऱ्या स्नायूंची आहे.

काहींचा खालचा जबडा फार मागे राहतो, तर काहींचा फार पुढे वाढतो. मग दातांवर दात बसत नाहीत आणि भाकरीचा तुकडा तोडणेही कठीण होते. अशा वेळी, बहुधा वाढ पूर्ण झाल्यावर, शल्यचिकित्सक हाड कापून ते योग्य जागी सरकवतात. १८४९ साली अमेरिकेतील सायमन हलिहेन यांनी अशा एका शस्त्रक्रियेची हकीकत प्रसिद्ध केली. भाजल्याच्या व्रणाने मान आखडून एका तरुणीचा जबडा वेडावाकडा वाढला होता. म्हणजे मऊ कातडीची सततची ओढ कठीण हाडालाही वळवते!

हीच ओढ शस्त्रक्रियेनंतर आड येते. जबडा पुढे घेतला की हनुवटीखालचे स्नायू रबरासारखे ताणले जातात आणि त्याला मागे खेचू पाहतात. हाड सांधण्याआधीच ते सरकले, तर सारे कष्ट वाया!

यावर उपाय काय? १९५७ साली ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. हाड आडवे तोडायचे नाही. फळी उभी चिरावी तसे चिरून दोन्ही भाग एकमेकांवर सरकवायचे. स्पर्शाचे क्षेत्र वाढले, की हाड चांगले सांधते. तरीही रुग्णाचे दात सुमारे सहा आठवडे तारेने बांधून ठेवावे लागत आणि त्याला पातळ अन्नावर राहावे लागे. आता टायटॅनियमचे स्क्रू व पट्ट्या हाड धरून ठेवतात, त्यामुळे तोंड लवकर उघडता येते.

मात्र जबडा कोणत्या दिशेने सरकवला, यावरही स्थैर्य अवलंबून असते. वरचा जबडा वर नेला तर तो सहसा टिकतो. तोच खाली आणला तर चावण्याचा जोर त्याला पुन्हा वर ढकलतो, म्हणून तो कमी स्थिर असतो.

स्क्रू हाडाला फक्त सवड मिळवून देतो. सांधण्याचे खरे काम हाडातल्या जिवंत पेशीच करतात!