रिले वाजला, पण हवा तापली का?

जानेवारीच्या पहाटे लेहला पारा उणे १५ अंशांच्या आसपास उतरतो. अशा वेळी डिझेलची गाडी सेल्फ मारूनही दाद देत नाही, तेव्हा आधी बॅटरीला दोष दिला जातो, मग गोठू लागलेल्या डिझेलला. इनटेक हिटर आठवतो तो सगळ्यात शेवटी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या उष्णतेवरच डिझेल पेट घेते. हवा सतरापट दाबली, तर आत येताना तिच्या तापमानात असलेला फरक दाबाच्या शेवटी अडीचपटीहून अधिक वाढलेला असतो. म्हणजे आत शिरतानाच ती २० अंशांनी गरम केली, तर गणिताने ५० अंशांहून अधिक भर पडते. थंडगार सिलिंडर यातला बराच भाग गिळतो, म्हणून ही भर मोलाची. त्यासाठी मोठ्या डिझेल इंजिनांत हवेच्या वाटेवरच धातूच्या पट्ट्यांची जाळी बसवलेली असते. ती तापवायला १०० अँपिअरच्या घरात करंट लागतो.

या सर्किटमधला बिघाड शोधण्याची जी पद्धत रूढ आहे, तीच मुळात चुकीची आहे, असे माझे ठाम मत आहे. स्कॅनरवर पी-०५४० हा कोड आला की हिटर किंवा रिले नवा टाकला जातो. पण कोड हिटरचा नसतो, हिटरच्या सर्किटचा असतो. बॅटरी, फ्यूज, रिले, जाड वायरी, थिंबल, अर्थिंग असे सगळेच त्यात आले. मग मीटर लावला जातो, तो चुकीच्या वेळी. ट्रक बहुधा २४ व्होल्टचे असतात, पण हिशेब सोपा व्हावा म्हणून १२ व्होल्टची पिकअप धरू. १२ व्होल्टवर १०० अँपिअर घेणाऱ्या हिटरचा रोध भरतो अवघा ०.१२ ओहम. साध्या मल्टिमीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.१ ते ०.३ ओहम दाखवतो. तेव्हा ओहमवर ठेवलेला मीटर इथे काहीच सांगू शकत नाही. वायर सुटी करून व्होल्ट मोजले तर फसगत आणखी मोठी. समजा, हिरवट गंज चढलेल्या एका थिंबलमध्ये ०.०५ ओहमचा अडथळा आहे. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे त्या गंजातूनही त्याला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. हिटर जोडला की मात्र करंट ७० अँपिअरवर येतो, साडेतीन व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडतात आणि १२०० वॅटच्या हिटरला उरतात जेमतेम ६००. सांध्यात अडीचशे वॅट जळत असतात; वायरीचे प्लास्टिक तिथे काळवंडून कडक का झालेले असते, ते यावरून कळेल.

म्हणून मोजायचे ते हिटर चालू असताना, आणि मोजायची ती व्होल्टेजची गळती. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी हिटरच्या बोल्टवर. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच वर गेला, तर एकेक सांधा ओलांडत पुढे सरकायचे; गळती जिथे उडी मारते तिथे दोष. रिलेच्या दोन जाड बोल्टांवर दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर आतले पॉइंट जळालेले आहेत. ‘टिक’ असा आवाज आला म्हणजे रिले चांगला, ही समजूत सोडायला हवी. आवाज कॉइलचा असतो, करंट जातो तो पॉइंटमधून. हिटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची अर्थिंगही अशीच तपासावी, कारण तिकडे सहसा कोणी बघत नाही. क्लॅम्प मीटर असेल तर करंट थेट कळतो, मात्र तो डीसी मोजणारा हवा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात. दुरुस्तीला हात घालताना निगेटिव्ह आधी काढावी. सांधा घासून स्वच्छ करावा, थिंबल पिचलेले असेल तर नवे क्रिंप करावे आणि पुन्हा तीच गळती मोजावी.

नवा रिले मोजमापाच्या वेळेपेक्षा स्वस्त पडतो, असे कोणी म्हणेल. रिलेच खराब असेल तर ते खरेही आहे. पण दोष सांध्यात असेल, तर नवा रिलेही त्याच गंजलेल्या थिंबलला जोडला जातो. महाराष्ट्रात हिटर हवाच कशाला, हा आक्षेप त्याहून वजनदार. नागपूरच्या मे महिन्यात तो खरोखरच लागत नाही. मात्र पॉइंट चिकटून बसलेला रिले तिथेही हिटर चालूच ठेवतो आणि रात्रीत बॅटरी उतरवतो. तिसरे म्हणणे ऐकले की मात्र काळजी वाटते: हिटर राहू दे, इनटेकमध्ये ईथरचा स्प्रे मारा. ईथर १६० ते १८० अंशांना आपोआप पेटतो. मेला म्हणून सोडून दिलेल्या हिटरमध्ये ६०० वॅट खेळत असतील, तर त्या लालसर पट्ट्यांवर मारलेला फवारा मॅनिफोल्डमध्येच भडकतो, आणि फवारणाऱ्याचा चेहरा त्याच्या समोरच असतो.